तुकोबांची यादी

पहाटे ४.४५

सेकंड शिफ्टचा आठवडा असला की दुपारी साडेतीनपर्यंतचा दिवस माझा, पुढचा कंपनीचा. रात्री बाराला सुटून म्हाळुंग्यातल्या घरी यायला साडेबारा, अंग टाकायला एक. म्हणजे झोप पावणेचार तास. "सुट्टीच्या गुरुवारी ओव्हरटाइमला बोलावलं की कंबर धरते, डोंगराला जाताना बरी मोकळी होते," बायको अंधारातच म्हणाली. यावर उत्तर नव्हतं. मी किल्ली उचलली.

पिशवीत दोन चपात्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि दिवाळीच्या बोनसमधून घेतलेली दुर्बीण. शिवाय वही. ही वही म्हणजे मेंटेनन्सचं जुनं लॉगबुक, अर्धं कोरं राहिलेलं. 'बिघाडाचे स्वरूप' या रकान्यात मी पक्ष्याचं नाव लिहितो आणि 'किती वेळ बंद' या रकान्यात संख्या. पहिल्या पानावर मात्र तीनच नावं आहेत: साप, विंचू, वाघ. ही यादी माझी नाही, तुकोबांची आहे. भामगिरीवर, म्हणजे भामचंद्र डोंगरावर, राहिलो तेव्हा साप, विंचू, वाघ अंगाला झोंबले, असं सांगणारा अभंग त्यांच्या नावावर आहे. पंधरा दिवसांत साक्षात्कार झाला, असंही त्यात पुढं येतं. ते पुढचं आपल्या आवाक्यातलं नाही. यादी तपासणं मात्र जमण्यासारखं आहे. आठ वर्षं तेच करतोय.

५.३०

भांबोलीच्या बाजूनं वासुलीला निघालं की दोन्ही हातांना कंपन्यांच्या भिंती आणि रस्त्याकडेला ट्रेलरची रांग. राजस्थान, हरियाणा, तमिळनाडूच्या पाट्या. टायरच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून ड्रायव्हर चहा टाकतात. रात्री सर येऊन गेली होती, त्यामुळं ओल्या मातीचा वास आणि कुठल्यातरी पेंट शॉपचा वास एकत्रच येत होता. या दोन वासांचं मिश्रण म्हणजे चाकणचा मृग.

याच शिंदे-वासुलीत २००८ साली मोठं रण पेटलं होतं. डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र इथं होणार होतं. भोपाळच्या युनियन कार्बाइडला २००१ मध्ये विकत घेणारी हीच कंपनी, हे एव्हाना गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. वर तुकोबांचा डोंगर, खाली ओढे-विहिरी. गावकऱ्यांच्या जोडीला वारकरी उतरले. रस्ते अडवले गेले, जुलैमध्ये बांधकामाच्या जागी जाळपोळ झाली. पुढं कंपनीनं इथून काढता पाय घेतला. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. मी स्वतः कारखान्यावर जगतो आणि आग लागलेला शेड आतून पाहिलेला माणूस तसं बोलत नाही. पण आज ज्या ओढ्याच्या काठी मी गाडी लावली, तिथं दोन बेडूक बोलत होते, एवढं नोंदवतो.

६.०५

पायथ्याच्या मातीत मृगाचे किडे निघालेत. लाल मखमलीचा तुकडा कापून त्याला पाय लावावेत तसे. लहानपणी काडेपेटीत भरून शाळेत न्यायचो. एकाच्या वाटेत बोट ठेवलं, तर त्यानं पाय पोटाशी घेतले आणि मेल्याचं सोंग केलं. मी मनात चाळीसपर्यंत मोजलं तेव्हा त्यानं आधी पुढचे दोन पाय काढले, चाचपणी केली आणि मग दिशा बदलून चालू लागला. पावसाळ्याच्या सुरुवातीला चार दिवस दिसणार आणि पुन्हा मातीत जाणार. वर्षभराचा मुक्काम जमिनीखाली.

चढ सुरू होतो तिथल्या बाभळींत पावशा ओरडत होता. आमच्या वाडवडिलांना तो 'पेरते व्हा' म्हणाल्यासारखा ऐकू यायचा. आता पेरायला वासुलीत जमीन किती उरली, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. उघड्या माळावर डोंबारी चंडोल. नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा पडतो, जमीन हातभर राहिली की सावरतो आणि पुन्हा वर. नाव ज्यानं ठेवलं त्यानं गावच्या जत्रेत डोंबाऱ्याचा खेळ नक्की पाहिला असणार.

पण आजची खरी कमाई साडेसहाला झाली. करवंदीच्या जाळीत सातभाईंचा गलका चालला होता. सातभाई भांडतात तेव्हा कारण असेलच असं नाही, पण आजच्या भांडणाला धार होती. दुर्बीण लावली तर जाळीच्या टोकावर काळा-पांढरा, शेंडीवाला, लांब शेपटीचा पाहुणा. चातक! या हंगामातला माझा पहिला. कवींनी त्याला थेंबासाठी तहानलेला विरही केलाय. प्रत्यक्षात हा गडी आफ्रिकेच्या बाजूनं समुद्र ओलांडून येतो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. सातभाई बिचारे परक्याचं पोर वाढवतात. गलका त्याचाच होता. वहीत लिहिलं: चातक, १, 'बिघाडाचे स्वरूप' रकान्यात. पहिल्यांदाच रकाना आणि नोंद जुळली.

७.२०

गुहा कड्याच्या पोटात आहेत. शेवटच्या टप्प्याला हात टेकवत चढावं लागतं. आत महादेवाची पिंड आणि तुकोबांची आठवण. देहूच्या आसपासचे तीन डोंगर तुकोबांचे: भंडारा, घोराडेश्वर आणि हा भामचंद्र. बाकी दोघांकडं भाविकांची वाट रुंद झाली आहे. इथं येताना अजून धाप लागते, म्हणून मला हा जास्त प्रिय.

एक साधक बाहेर वीत-दीड वीत जागेत ग्रंथ घेऊन बसले होते. ओळख जुनी, पण नाव आम्ही एकमेकांना कधी विचारलेलं नाही. वारकऱ्यांत सगळेच माउली.

"काय गावलं, माउली?"

"चातक दिसला."

"मग पाऊस लागेल."

"पाऊस आला म्हणून तो आला असेल."

"तुमच्या कंपनीत असंच उलटं शिकवतात का?" म्हणून हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "परवा रात्री खालच्या वस्तीवरची कुत्री एकदम गप झाली. भुंकली नाहीत, गप झाली."

खेड, जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. कुत्री भुंकली तर माणूस आला, गप झाली तर बिबट्या आला. उसात त्याचा पाळणा हलतो. तोडीच्या वेळी पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. ज्यांना सोडता येत नाही, त्यांच्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. मार्च २०२४ मध्ये तर एक बिबट्या आमच्या चाकणमधल्या एका मोठ्या मोटार कारखान्यात शिरला. काम थांबवून कामगारांना बाहेर काढलं, भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं.

माझ्या यादीचा घोळ इथंच होता. तुकोबांनी म्हटलेला वाघ कुठला? सतराव्या शतकात या रानात पट्ट्याचा वाघ असणं अशक्य नव्हतं. पण आमच्याकडची म्हातारी माणसं आजही बिबट्याला वाघच म्हणतात. 'वाघानं शेळी नेली' म्हणजे बिबट्यानं. तुकोबा देहूचे, याच मातीतले. त्यांच्या तोंडी वाघ म्हणजे बिबट्या असेल, तर पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या यादीतलं एकही नाव खोडायची गरज नाही. अभ्यासकांनी माझं काय करायचं ते करावं, मी हा अर्थ धरून चालतो.

साप आज इथं दिसला नाही. विंचूही नाही, म्हणजे मी शोधला नाही. पूर्वी दगड उलथून पाहायचो. एकदा उलथलेला दगड नीट बसला नाही आणि दुसऱ्या खेपेला त्याखालची ओल वाळून गेलेली दिसली. तेव्हापासून दगडाला हात लावत नाही. विंचवाला गरज वाटली तर तो येईल.

चपात्या तिथंच खाल्ल्या. माउलींनी गुळाचा खडा दिला.

९.५०

तळेगाव चौकात अडकलो. यावर लिहिण्यासारखं काही नाही. चाकणमध्ये राहणाऱ्याला माहीत आहे, बाकीच्यांना सांगून पटणार नाही.

१०.३०

येत्या रविवारी २१ जून. १६६० साली याच तारखेला शायिस्ताखान चाकणच्या किल्ल्यापुढं येऊन बसला. मी दर वर्षी त्या आठवड्यात एकदा या किल्ल्यात, संग्रामदुर्गात, जाऊन येतो. आमच्या लाइनवरच्या दहातल्या आठ पोरांना चाकणला किल्ला आहे हे माहीतच नाही. त्यांना दोष देत नाही. किल्ला म्हटलं की मान वर करायची सवय आपल्याला, आणि हा भुईकोट. डोंगर नाही, कडा नाही, वाट अवघड नाही. चहूबाजूंनी वाढलेल्या गावात तटाचे थोडके तुकडे, बुरूज आणि खंदकाचा खोलगट भाग शिल्लक आहे.

पण विचार करा. फिरंगोजी नरसाळा किल्लेदार. आत माणसं तीनशे-साडेतीनशे, बाहेर हजारोंची फौज आणि तोफा. वरून आषाढ-श्रावणाचा पाऊस. डोंगरी किल्ला असता तर निम्मं काम डोंगरानं केलं असतं. इथं सपाटीवर पाण्यानं भरलेला खंदक आणि तट, एवढंच भांडवल. खान चार दिवसांत आटपेल या हिशेबानं आला असणार. शेवटी त्यानं जमिनीखालून सुरुंग खणत बुरुजापर्यंत नेला. १४ ऑगस्टला बत्ती दिली आणि बुरूज वरच्या माणसांसकट उडाला. मोगल आत घुसायला धावले, तर पुढं मातीचा बांध घालून आतले लोक तयार! दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. पंचावन्न दिवस. मोगलांकडच्या नोंदीत त्यांचे स्वतःचे २६८ मेले, ६०० जखमी झाले असा आकडा आहे. खानानं फिरंगोजीला चाकरी देऊ केली, त्यानं नाकारली आणि तो शिवाजी महाराजांकडं परतला. एका सपाटीवरच्या किल्ल्याला एवढा वेळ आणि एवढी माणसं लागल्यावर डोंगरी किल्ल्यांच्या नादी लागायची खानाची हौस बरीच कमी झाली.

तुकोबांना जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. भामचंद्रावरून तोफांचा आवाज ऐकू आला असेल का, असा विचार दर वर्षी येतो. आज वरून मला कंपनीचा भोंगा ऐकू आला होता, तेव्हा तोफ नक्कीच आली असेल.

खंदकाच्या उतारावर आज एक धनेश बसला होता. राखाडी, वाकड्या चोचीचा. तटाच्या दगडांत उंबर-पिंपळ उगवतात, त्यांची फळं त्याला हवी असतात. इतिहासप्रेमी म्हणतात झाडं काढा, तट उकलतोय, आणि ते बरोबर आहे. धनेशाचंही बरोबर आहे. मी तिथं उभा राहून दोघांच्या बाजूनं डोकं हलवलं आणि निघालो. तटाला टेकून प्लॅस्टिकच्या ग्लासांचा ढीग होता, त्याच्या बाजूनं मात्र कुणीच नव्हतं.

दुपारी १२.००

जेवण, झोप. मधे मुलगी शाळेतून आली आणि माझ्या वहीतली यादी फोनमध्ये चढवून बसली. ती नववीत आहे. तिच्या मते माझं अक्षर हा स्वतंत्र बिघाड आहे.

३.१०

गेटवर पंच करायच्या आधी मी डिस्पॅच यार्डला वळसा घालतो. खडीच्या मैदानात, ट्रेलर उभे राहतात त्या जागेपासून वीसेक पावलांवर, चार नारिंगी शंकू मांडलेत. मधे टिटवी बसली आहे.

घरटं म्हणायलाही तसं काही नाही. खडीत हाताच्या ओंजळीएवढा खळगा, त्याच्या काठाला बारीक खडे लावलेले. चार अंडी, निमुळती टोकं आत करून मांडलेली, जशी पॅकिंगवाल्या पोरांना आम्ही पार्ट मांडायला शिकवतो. रंग खडीचा, वर काळे ठिपके. दोन पावलांवरून नजर हटली की पुन्हा सापडत नाहीत. गेल्या वर्षी तशीच सापडली नाहीत. यार्ड सपाट करायला मशिन आलं, दुपारपर्यंत काम उरकलं, आणि संध्याकाळी टिटवी रिकाम्या खडीवर गोल गोल फिरत ओरडत राहिली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. माहीत असून बोललो नाही तो मी.

यंदा मी आधीच स्टोअरमधून शंकू आणले. गेटवरचे मामा परभणीकडचे, गोदाकाठचे. नदीच्या पात्रात पाणी चढलं की मधे उरतं त्याला ते बेट म्हणतात, म्हणून या शंकूंच्या चौकोनालाही बेट. ट्रेलर आला की हात करून ओरडतात, "ए पाव्हणं, बेट सोडून घे!" पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर त्यांच्याकडं बघत राहायचे, आता न सांगता वळवून घेतात.

"आज लई तापलं," मामा म्हणाले. "दुपारी बाई चारदा पाण्याला गेली."

ते खरंच पाहण्यासारखं असतं. सर पडून गेली तरी दुपारी ऊन फुटतं आणि खडी भाजून निघते. मग टिटवी उठते, एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साचतं त्या डबक्यात जाऊन पोट बुडवते, पोटाची पिसं ओली करून परत येते आणि अंड्यांवर बसते. अंडी उबवायची नाहीत, गार करायची! आमच्या शॉपमध्ये कूलंटचा पंप बंद पडला की मला फोन येतो. हिचा पंप हीच.

चौथं अंडं मी ५ जूनला पाहिलं. अठ्ठावीस दिवस धरले तर ३ जुलै.

टिटवी रात्री ओरडली की गावाकडं अपशकुन मानतात. आभाळ पडलं तर झेलायला पाय वर करून झोपते, असं तिच्यावर हसतातही. ज्ञानेश्वरीत ज्ञानोबा माउलींनी मात्र तिला आपल्या स्वतःच्या जागी बसवलंय. चोचीनं समुद्र मोजायला निघालेली टिटवी, तसा मी गीतेचा अर्थ सांगायला निघालोय, असा तो दृष्टान्त. आळंदी इथून किती लांब? मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग शंकू अजून दोन लावा."

३.३० ते ७.४५

काम. दोन नंबरच्या प्रेसला तेलाची गळती, सील बदललं. कन्व्हेयरचा सेन्सर धुळीनं आंधळा झाला होता, पुसला. लॉगबुकात लिहिलं, खऱ्या लॉगबुकात.

८.००

कॅन्टीनला निघालो तर सांडपाण्याच्या ईटीपीच्या मागच्या गटारापाशी कंत्राटी पोरांचा घोळका. एकाच्या हातात पाइप. "साप! साप!" टॉर्च मारला. हातभर लांब, पिवळट अंगावर काळ्या चौकटींची नक्षी, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. पाणदिवड. बिनविषारी, पण तापट. डिवचलं तर चावेल आणि पोरं घाबरूनच अर्धी होतील. पाऊस पडला, बेडूक निघाले, त्यामागं ही निघाली, एवढीच गोष्ट.

सर्पमित्राला फोन लावला. तो निघोज्यात दुसऱ्या कॉलवर, यायला पाऊण तास. मी साप पकडत नाही, येत नाही आणि येतो असं दाखवतही नाही. फक्त पोरांना दहा पावलं मागं घेतलं आणि पाइप काढून घेतला. बिहारकडचा एक पोरगा म्हणाला, "साहेब, आमच्या गावात याला मारत नाहीत, पाण्यातला आहे म्हणून." मग तोच बाकीच्यांना समजावू लागला, माझ्यापेक्षा बऱ्या शब्दांत. पाणदिवड पाच मिनिटं तशीच पडून राहिली, मग जाळीच्या फटीतून गटारात उतरली. सर्पमित्राला पुन्हा फोन करून येऊ नको म्हटलं.

जेवणात बटाट्याची भाजी होती. गार.

१०.४०

ग्रुपवर व्हिडिओ आला: 'आत्ता, चाकण फेज दोन, सर्वांनी काळजी घ्या.' बिबट्या भिंतीवरून उडी मारतोय. पाच मिनिटांत तो आमच्या शॉपमध्ये साठ फोनवर फिरला. मला ती भिंत ओळखीची वाटली. गेल्या वर्षी हाच बिबट्या याच भिंतीवरून नाशिकचा म्हणून उडी मारून गेला होता. तसं लिहिलं, तर एकानं उत्तर दिलं, 'काळजी घ्यायला काय जातं?' बरोबर आहे. पण खरा येईल तेव्हा कुणी फोन उघडून पाहणार नाही, ही माझी काळजी. खरी खबर सकाळी माउलींनी दिली होती, तिला व्हिडिओ नव्हता.

रात्री १२.०५

हँडओव्हर देऊन बाहेर आलो. यार्डातले मोठे दिवे मामांनी त्या कोपऱ्यापुरते बंद ठेवलेत, परवानगी कुणाची घेतली ते मी विचारलं नाही. अंधारात दोन आवाज. एक ट्रेलरच्या इंजिनाचा आणि मग तिचा, तीक्ष्ण, तुटक. मामांनी टॉर्च खाली धरून बाजूनं नुसता उजेड पसरू दिला. ती बसूनच होती.

गाडीच्या सीटवर वही ठेवून पहिल्या पानावर आजच्या तारखेपुढं लिहिलं. साप: पाणदिवड, १. विंचू: शोधला नाही. वाघ: कुत्री गप, एवढंच. खाली टिटवीची अंडी: चार.

उद्या गुरुवार. कंपनी बंद, यार्डात एकही ट्रेलर येणार नाही.